‘हातून’ या शब्दाचं इंग्रजी

शेवगावच्या कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानांची एक रांग आहे. त्यातल्या शेवटच्या गाळ्यात, मशीनच्या पलीकडं भिंतीला टेबल लावून अंबिकाबाई पुराणिक गेली एकतीस वर्षं मराठीचं इंग्रजी करत बसतात. गाळा त्यांच्या यजमानांचा, कल्याणरावांचा. पूर्वी तिथं टायपिंगचा क्लास होता. सोळा मशीन एकदम चालू झाली की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, आत पत्र्यावर गारा पडताहेत. पुढं हाताच्या मशीनवरच्या परीक्षा बंद झाल्या, मशीन भंगारात गेली आणि कल्याणरावांनी झेरॉक्स आणून बसवलं. अंबिकाबाईंचं टेबल मात्र हललं नाही. त्यावरचं मशीन जाऊन कॉम्प्युटर आला, एवढंच.

हे काम त्यांनी ठरवून धरलेलं नव्हतं. लग्न होऊन आल्यावर तिसऱ्या की चौथ्या महिन्यात एका वकिलांचे कागद वरच्या कोर्टात जायचे होते, ते इंग्रजीत हवे होते, आणि नेहमीचा माणूस कावीळ होऊन पडला होता. कल्याणराव म्हणाले, आमच्या घरात इंग्रजीचं माणूस आहे, बघा चालतं का. नवी सून डोक्यावरचा पदर सावरत मशीनवर बसली आणि संध्याकाळपर्यंत बावीस पानं काढून दिली. तेव्हापासून जमिनीच्या हद्दी, विहिरीतले हिस्से, मृत्युपत्रं, पंचनामे असं सगळं त्यांच्या बोटांखालून जात आलं.

इंग्रजी मिळालं होतं वडिलांकडून. दत्तोपंत तिसगावकडं मास्तर होते. त्यांची एक गोष्ट अंबिकाबाई पुष्कळांना सांगतात. नववीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘आय मेट माय फ्रेंड बाय ॲक्सिडेंट.’ एका पोरानं उभं राहून अर्थ सांगितला, माझी आणि माझ्या मित्राची भेट अपघातात झाली. मागच्या बाकावरच्यानं काळजीनं विचारलं, सर, लागलं का कुणाला? दत्तोपंत घरी हे सांगताना हसले नाहीत. म्हणाले, पोरांचं काही चुकलं नाही. आपल्याकडं हा शब्द ट्रकच्या चाकाखालून आला, म्हणून आपल्याला त्यात रक्तच दिसतं. तिकडं त्याचं घर मोठं आहे. मनात नसताना जे जे घडतं ते सगळं त्यात राहतं, पेला फुटण्यापासून जुना दोस्त भेटण्यापर्यंत.

तर एवढं ज्यांना लहानपणापासून ठाऊक, त्यांच्याच टेबलावर ही गोष्ट घडली.

श्रावणात एक मुलगी कागदांची पिशवी घेऊन आली. निकिता नजन. नर्सिंगचा कोर्स झालेला, नगरला एका दवाखान्यात दोन वर्षं नोकरी चालू असलेली, आणि आता ब्रिटनमध्ये जागा मिळत होती. तिथं नर्सेसची नोंदणी करणारी जी कचेरी असते, तिनं विचारलं होतं, तुमच्यावर कधी पोलीस केस झाली होती का? झाली होती. चार वर्षांपूर्वी निकिताच्या स्कूटीनं एका माणसाला धडक दिली होती. त्याचा पाय मोडला, केस झाली, आणि वर्षभरानं तडजोड होऊन मिटलीही. ते सगळे कागद, फिर्याद, पंचनामा, कोर्टाचा हुकूम, इंग्रजी करून पाठवायचे होते.

अंबिकाबाईंच्या हाताशी त्या दिवशी आधीच चाळीस पानं होती. चार वाजता लाईट जाणार असं बोर्डाचं सांगणं होतं. निकिता समोर स्टुलावर बसून राहिली. तिला त्याच दिवशी स्कॅन करून पाठवायचं होतं. अंबिकाबाईंनी पावणेचारला शेवटचं पान काढलं, प्रत्येक पानावर शिक्का मारला, सही केली. मुलगी पाया पडून गेली.

मार्गशीर्षात ती परत आली. या वेळी हातात पिशवी नव्हती, मोबाईलवरून काढलेला एकच कागद होता. तो तिनं टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, हे काय विचारतायत ते मला कळलंय. पण असं का विचारतायत ते कळंना.”

पत्र सभ्य होतं. लिहिलं होतं की, आपण पाठवलेल्या हुकुमाच्या भाषांतरात पान तीनवर असं वाक्य आहे की हा अपघात अर्जदाराच्या हाताने करण्यात आला. अपघात ‘करण्यात’ आला याचा अर्थ आम्हाला लागत नाही. अर्जदाराने ही गोष्ट जाणूनबुजून केली होती काय, याचा खुलासा व्हावा. खुलासा येईपर्यंत अर्ज थांबवून ठेवला आहे.

अंबिकाबाईंनी कॉम्प्युटरवर जुनी फाईल उघडली. मूळ हुकुमात सरळ वाक्य होतं, ‘आरोपीच्या हातून सदर अपघात घडला.’ आणि खाली त्यांचं इंग्रजी: ‘द सेड ॲक्सिडेंट वॉज कमिटेड बाय द हँड ऑफ द ॲक्यूज्ड.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

कसं झालं हे त्यांना लगेच कळलं. एकतीस वर्षं ‘आरोपी’ शब्द आला की पुढं ‘कमिटेड’ टाइप करायची बोटांना सवय. चोरी कमिटेड, मारहाण कमिटेड, फसवणूक कमिटेड. डोकं चार वाजण्याकडं होतं आणि बोटं आपल्या वाटेनं गेली. आणि ‘हातून’! हा शब्द तर आपण रोज वापरतो. हातून दूध उतू जातं, हातून कप फुटतो, हातून माणूस दुखावतो. हातून म्हटलं की मराठी माणसाला बरोबर समजतं, हात याचा होता पण मन यात नव्हतं. त्याच शब्दाचं त्यांनी ‘बाय द हँड’ केलं, आणि तिकडं बसलेल्या माणसाला दिसलं की या पोरीनं स्वतःच्या हातानं हे केलं. शब्द शब्दाला जुळला होता आणि अर्थ थेट उलटा झाला होता.

“निकिता,” त्या म्हणाल्या, “यात तुझी चूक नाही. माझी आहे.”

 तिची तिकडं जाणारी बॅच पौषात निघणार होती. बरोबरच्या चौघींची तिकिटं झाली होती.

कल्याणराव झेरॉक्सवर कुणाचा सातबारा काढत होते. त्यांनी मागं वळून म्हटलं, “अगं, चुकून झालं. नवीन पान काढून दे, शिक्का मार, संपलं.”

“चुकून नाही झालं,” अंबिकाबाई म्हणाल्या. “घाईत झालं. आणि घाई मी केली.”

नवीन पान काढणं पाच मिनिटांचं काम होतं, पण नुसतं पान बदलून भागणार नाही हे त्यांना दिसत होतं. आधी एक म्हणायचं आणि शंका आली की दुसरं म्हणायचं, याला तिकडचा कारकून काय समजेल? म्हणून त्यांनी निकिताला स्टूल दिलं, चहा सांगितला, आणि अपघाताच्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लावलं. श्रावणात त्यांनी हे विचारलंच नव्हतं. कागद आले, कागद गेले.

निकितानं सांगितलं. अमरापूरच्या रस्त्यानं ती सकाळी घरी चालली होती. रात्रपाळी नव्हती, डोळ्यांवर झोप नव्हती, मोबाईल पर्समध्ये होता. कारभारी मरकड नावाचा माणूस सायकलला दुधाची कॅन लावून पुढं चालला होता. रस्त्यात खडी पडली होती, ती चुकवायला तो आत वळला. निकितानं ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही.

“का थांबली नाही?”

निकितानं चहाचा कप खाली ठेवला. “ब्रेक ढिला होता,” ती म्हणाली. “पप्पा आठ दिवस सांगत होते, गॅरेजला लावून ये. मी उद्या-उद्या करत राहिले.”

हे कुठल्याच कागदात नव्हतं. तडजोड झाली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तिच्या वडिलांनी, गोरक्षनाथांनी, दवाखान्याचा सगळा खर्च केला होता, आणि वकिलांनी सांगितलं होतं की आता त्या माणसाच्या घरी जाऊ नका, बोलू नका, उगाच काही तोंडातून जायचं. ती गेली नव्हती. केस मिटल्यावरही गेली नव्हती. आधी मनाई होती म्हणून, आणि नंतर इतके दिवस गेलो नाही म्हणून.

 अंबिकाबाई म्हणाल्या, ज्याला लागलं त्या माणसाचं म्हणणं लेखी मिळालं तर खुलाशाला वजन येईल. त्याच्या शब्दात, त्याच्या सहीनं. आपण दोघी जाऊ. मी विचारते, तू नुसती बस.

निकिता घाबरली. पण दुसरा मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कल्याणरावांची मोपेड घेऊन अंबिकाबाई निघाल्या. निकिता मागं बसली. तिनं अपघातानंतर गाडी चालवलेली नव्हती. अमरापूरच्या अलीकडं डावीकडं कच्चा रस्ता फुटतो, दोन्ही बाजूंना कपाशी. शेवटची वेचणी चालली होती, बायका वाकून बोंडं काढत होत्या आणि बांधावर गाठोडी पडली होती. वस्तीवर दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि गोठ्यात तीन गाई. कारभारी पडवीत बसून दोरखंड वळत होता. साठीच्या पुढचा, बारीक अंगाचा. दोघींना पाहून तो उठला, आणि उठताना त्यानं डावा हात खांबाला लावला. पाय पूर्ण वाकत नव्हता.

अंबिकाबाईंनी आपली ओळख सांगितली. मुलीची ओळख सांगायची वेळ आली तेव्हा कारभारीच म्हणाला, “वळखली की. नजनाची पोरगी. बसा.”

त्याची बायको मुक्ताबाई आतून पाणी घेऊन आली. तिनं अंबिकाबाईंना तांब्या दिला, निकितापुढंही ठेवला, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

अंबिकाबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. तिकडची कचेरी काय विचारते, कशामुळं विचारते. आपली चूक त्यांनी झाकली नाही. कागदावर माझ्याकडून असं लिहिलं गेलं की हिनं तुम्हाला मुद्दाम पाडलं, असं त्या म्हणाल्या.

कारभारी हसला. “मुद्दाम? माझ्याशी काय दुश्मनी पोरीची? माझं नाव बी ठाव न्हवतं तिला.” मग दोरखंड बाजूला ठेवून म्हणाला, “लिहा तुमी, बाई. तिच्या हातून झालं. तिनं न्हाई केलं. पडल्यावर मी शुद्धीत हुतो. ही पोरगी माझं डोकं मांडीवर घिऊन बसली हुती. पाय हलवू देईना कुनाला. माणसं उचलून टेम्पोत टाकाया निघाली, तर ही वरडली, पाय तसाच धरा, फळी आना. डाक्टर मागनं म्हनला, तसं उचललं असतं तर पाय गेलाच हुता.”

अंबिकाबाई वहीत लिहून घेत होत्या. एवढं पुरेसं होतं. हे इंग्रजी झालं की काम होणार, हे त्यांना कळत होतं. तेवढ्यात दारातून मुक्ताबाई बोलली.

“ह्ये म्हनतील झालं. त्यांचं मन मोठं हाय.” आवाज चढलेला नव्हता. रोजचं काही सांगावं तशी ती सांगत होती. “पन झालं ते कुनाला झालं? सा म्हैने धारा मी काढल्या. डेरीला कॅन डोक्यावर मी नेली. ह्यान्ला उठवून बसवाया मीच. पोरीच्या मनात न्हवतं ते मला बी कळतंय. पन गाडीचा बिरेक ढिला हुता, ते तर ठाव हुतं न्हवं हिला? गॅरेजवाला आमच्या भाच्याचा दोस्त हाय. मागनं गाडी त्याच्याकडंच आल्ती. त्यानं सांगितलं.”

 गोठ्यातली एक गाय गव्हाणीत तोंड घालून कडबा ओढत होती, तेवढाच आवाज.

निकिता उठली नाही, रडली नाही. खाली बघून म्हणाली, “हो मावशी, ठाऊक होतं.”

“मग एकदा येयाचं हुतं,” मुक्ताबाई म्हणाली. “मी तुला काय खाल्लं असतं? दवाखान्याचं तुझ्या बापानं केलं, त्याला न्हाई म्हनत न्हाई. पन तू येयाचं हुतं. मी वाट बगितली हुती.”

हे ऐकल्यावर निकिताला जे म्हणायचं होतं ते नीट म्हणता आलं नाही. वकिलांचं सांगणं, घरच्यांचं सांगणं, मग वाटलेली लाज, असं तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मुक्ताबाईनं ऐकून घेतलं. “बरं,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं तीन कप चहा घेऊन आली, आणि चौथा स्वतःला. ती चौकटीशी उभी न राहता खाली बसली, एवढा फरक अंबिकाबाईंच्या लक्षात आला.

कारभारीनं मराठी जबाबाखाली सही केली. त्याला सही येत होती, सावकाश, एकेक अक्षर जोडून. निघताना निकितानं त्याच्या पायाला हात लावला. मुक्ताबाईच्या लावायला गेली तर तिनं पाय मागं घेतले. “राहू दे. पोरीन्ला पाया पडू देत न्हाईत,” ती म्हणाली. हा राग होता की रीत, ते निकिताला कळलं नाही.

 परतताना शेवगाव जवळ आलं तेव्हा निकितानं मोपेडवर मागून विचारलं, “मॅडम, ब्रेकचं लिहायचं का?”

“ते तू ठरव,” अंबिकाबाई म्हणाल्या. खुलासा निकितानं लिहायचा होता, हा त्यांचा कागद नव्हता.

संध्याकाळी गाळ्याचं शटर अर्धं ओढून त्या कामाला बसल्या. कारभारीच्या जबाबातलं बाकी सगळं सरळ होतं. अडलं ते एका ओळीवर. ‘तिच्या हातून झालं. तिनं नाही केलं.’

‘ॲक्सिडेंट’ शब्द तर घालायचाच होता, त्याशिवाय चालणार नव्हतं. ‘इट वॉज ॲन ॲक्सिडेंट’ लिहिलं की कचेरीचं समाधान होईल. पण कारभारी अपघात म्हणालाच नव्हता. अंबिकाबाईंनी वडिलांच्या वेळची जाडी डिक्शनरी काढली. ॲक्सिडेंटल, अनइन्टेन्शनल, इनॲडव्हर्टंट, सगळे शब्द त्यांना येत होते. प्रत्येकात एक नकार होता. हेतू नव्हता, इरादा नव्हता, लक्ष नव्हतं. माणूस कुठंच नव्हता. कारभारीच्या वाक्यात तर मुलगी होती, तिचा हातही होता. तो हात नाकारत नव्हता. फक्त हातामागं मन नव्हतं, एवढंच त्याचं सांगणं होतं.

आणि उलटही होतं. इंग्रजीत पाय मोडला तरी माणूस ‘आय ब्रोक माय लेग’ म्हणतो, मीच माझा पाय मोडला. कप पडला तरी ‘आय ड्रॉप्ड इट’, मी पाडला. मनात नसलं तरी ‘मी’ पहिला येऊन उभा राहतो. आपण मात्र म्हणतो पाय मोडला, कप पडला, जणू आपण तिथं नव्हतोच. मग त्यांचं ‘आय’ आणि आपलं ‘हातून’, यात प्रामाणिक कोणतं? त्यांना ठरवता येईना. मुक्ताबाईला विचारलं असतं तर तिनं दोन्हीला मान डोलावली नसती.

शेवटी त्यांनी लिहिलं ते साधं होतं. तिच्यामुळे झालं. पण तिनं ते घडवून आणलं नाही. तो अपघात होता. इंग्रजीतली तीन छोटी वाक्यं. मोठ्यानं वाचून पाहिली. कल्याणराव शटरपाशी ऐकत होते. म्हणाले, माझ्यासारख्याला समजलं म्हणजे साहेबाला समजेल.

मग त्यांनी आपलं पत्र टाइप केलं. अमुक तारखेच्या भाषांतरात पान तीनवर मी केलेलं वाक्य चुकीचं आहे. मूळ मराठी शब्दाचा अर्थ हेतूविना घडणं असा आहे. चूक माझी आहे, अर्जदाराची नाही. खाली पूर्ण नाव, शिक्का, फोन नंबर.

हे पत्र कल्याणरावांना पटलं नाही. दोघांचं त्यावर बोलणं झालं, भांडण नव्हे. त्यांचं म्हणणं असं की मूळ हुकूमच गोंधळाचा होता असं लिही. ही गोष्ट वकिलांच्या कानावर गेली तर आजवरच्या कागदांवर कुणीही बोट ठेवील. एकतीस वर्षांत एक तक्रार नाही, ती आपण होऊन कशाला ओढवून घ्यायची? अंबिकाबाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, “अहो, मूळ हुकूम अगदी बरोबर होता. तो लिहिणाऱ्याला मराठी येत होतं.”

सोमवारी सकाळी निकिता आपला खुलासा हातानं लिहून घेऊन आली. पानभर मजकूर होता. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, गाडीचा ब्रेक ढिला आहे हे मला आठ दिवसांपासून माहीत होतं आणि मी तो दुरुस्त करून घेतला नव्हता. अंबिकाबाईंनी तिच्याकडं पाहिलं.

“घरी दाखवलंस?”

“पप्पा नको म्हणाले. मम्मी काही बोलली नाही.” मग ती म्हणाली, “मॅडम, मी तिथं पेशंटना औषधं देणार. हे लपवून गेले तर रोज आठवणार.”

अंबिकाबाईंनी त्या ओळीचं इंग्रजी जसंच्या तसं केलं, कुठं मऊ केलं नाही. सगळे कागद एकत्र करून पाठवून दिले.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. तेवढ्यात बरोबरच्या चौघी निघून गेल्या. त्यांचे विमानतळावरचे फोटो निकिताच्या मोबाईलवर आले. ती रोज नगरला ड्यूटीवर जाई आणि रोज संध्याकाळी मेल उघडून बघे. अंबिकाबाईंना त्या दिवसात जेवण गोड लागलं नाही. कोर्टासमोरची गोष्ट कोर्टात जातेच, तशी ही पण गेली. एका वकिलांनी आपली कामं दुसऱ्या टेबलावर न्यायला सुरुवात केली, काही न बोलता. दुसरे एक मात्र मुद्दाम येऊन म्हणाले, बाई, माझ्या जुन्या तीन फाइली परत एकदा वाचून द्याल का? अंबिकाबाईंनी वाचून दिल्या. एका फाईलमध्ये एक तारीख चुकलेली निघाली, तीही सांगून टाकली.

पौषाच्या अखेरीला मेल आली. खुलासा मिळाला, तो स्पष्ट आहे, अर्ज पुढं चालवला जात आहे. शेवटी एक वाक्य होतं की अर्जदाराने स्वतःहून दिलेल्या माहितीची नोंद घेतली आहे. ही नोंद चांगली की वाईट हे कुणालाच सांगता येईना. पण तीन आठवड्यांनी नोंदणीचा नंबर आला आणि फाल्गुनात, दुसऱ्या बॅचबरोबर, निकिता गेली. तिकडं आधी ठरलेला दवाखाना हातचा गेला होता. जो मिळाला तो उत्तरेकडच्या कुठल्याशा लहान गावात, थंडी जास्त.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात ती एकटीच अमरापूरच्या वस्तीवर जाऊन आली, असं गोरक्षनाथांनी सांगितलं. तिथं काय बोलणं झालं ते तिनं घरी सांगितलं नाही. अंबिकाबाईंनीही विचारलं नाही.

त्यांच्या कामात एक बदल झाला. पानं काढून झाली की त्या ज्याचा कागद असेल त्याला समोर बसवतात आणि आपलं इंग्रजी पुन्हा मराठीत करून वाचून दाखवतात. शेतकरी माणसं आधी संकोचतात, मग ऐकायला लागतात, मग मध्येच म्हणतात, न्हाई न्हाई, असं न्हवतं. यात वेळ जातो. दिवसाला चाळीस पानं आता होत नाहीत, पंचवीस झाली तरी पुष्कळ. कल्याणराव सुरुवातीला कुरकुरले, आता तेच माणसांना स्टूल सरकवून देतात.

चैत्रात एका दुपारी मुक्ताबाई गाळ्यात आली. तहसीलला रेशनकार्डावर नातवाचं नाव लावायचं होतं, अर्ज लिहून हवा होता. उन्हातून चालत आली होती. अंबिकाबाईंनी माठातलं पाणी दिलं. कारभारींचं विचारलं. पाय हाय तसाच हाय, ती म्हणाली, पण बसून काम करत्यात, दोरखंडाला गिऱ्हाईक हाय.

अर्ज लिहिता लिहिता अंबिकाबाईंनी विचारलं, “निकिताचा फोन येतो का कधी?”

“आल्ता एकदा.” मुक्ताबाईनं पदरानं मान पुसली. “लांबनं बोलत हुती, मला काय सुचंना. जेवलीस का म्हनलं. ती म्हनली, हितं आता सकाळ हाय. मग मी म्हनलं, बरं, ठिव.”

ती थोडी हसली. अंबिकाबाईंनी नातवाचं नाव विचारलं. समर्थ, ती म्हणाली. जन्मतारीख तिला पाठ नव्हती, दाखला पिशवीत होता. तो शोधायला तिनं पिशवीतलं सगळं टेबलावर काढलं, आणि दोघींनी मिळून तो कागद शोधला.